सीरियल पोर्टवर कचरा येतोय? केबल बदलण्याआधी हे क्रमाने करा

वजनाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसू लागली की आपल्याकडचा क्रम ठरलेला असतो. आधी केबल बदलायची, मग यूएसबी कन्व्हर्टर, मग कॉम्प्युटर फॉरमॅट मारायचा आणि शेवटी इंडिकेटर (वजन दाखवून पुढे पाठवणारी पेटी) दुरुस्तीला पाठवायचा. एवढं होऊनही कचरा येतच राहिला की कुणीतरी वाकून प्लगकडे बघतं. निपाणी-चिकोडीकडचे उसाचे काटे असोत, बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशीन) असोत की गावातलं दूध संकलन केंद्र, हा उलटा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच ठेवतो.

लेखात मुख्यतः आरएस-२३२ आहे, म्हणजे डीबी-९ कनेक्टरवालं नेहमीचं सीरियल. शेवटी आरएस-४८५ बद्दल, म्हणजे लांब अंतराच्या सीरियलबद्दल, जेवढं लागतं तेवढं सांगितलंय.

## तयारी: हात लावण्याआधी

हे जवळ ठेवा: डिजिटल मल्टिमीटर, टर्मिनल प्रोग्रॅम असलेला आणि बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप, चांगल्या कंपनीचा एक यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, डीबी-९ च्या २ आणि ३ नंबर पिना जोडायला छोटी क्लिप, आणि वही. वहीला नाक मुरडू नका. नॉइज, म्हणजे तारेत बाहेरून शिरणारी विजेची गडबड, शोधताना सर्वांत जास्त वेळ जातो तो "हे मघाशी करून बघितलं होतं का?" या प्रश्नात.

टर्मिनल म्हणून पुटी चालतं, रियलटर्म अधिक बरं, कारण त्यात आलेले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकांत) दिसतात. पुटी वापरत असाल तर फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची पद्धत) आधी "नन" करा. सीरियलसाठी त्याचं मूळ सेटिंग एक्सऑन-एक्सऑफ असतं आणि ते चाचणीत गोंधळ घालतं.

वहीत पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. कचरा कधीपासून येतोय, त्या आठवड्यात जागेवर काय बदललं (नवी मोटर, हलवलेलं टेबल, बदललेला इन्व्हर्टर), आणि कचरा दिवसाच्या कुठल्या वेळी येतो. हे मालकाला विचारू नका, रोज खुर्चीत बसणाऱ्याला विचारा.

इशारा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि कन्व्हर्टर एकदम बदललात आणि कचरा थांबला, तर नक्की कशाने थांबला हे कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्यात तो परत येतो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

## पायरी १: हा नॉइजच आहे का?

निम्म्या तक्रारींत नॉइज नसतोच. ओळखायची खूण सोपी आहे. काट्यावर एकच वजन ठेवा, म्हणजे इंडिकेटर तेच तेच पाठवत राहील, आणि टर्मिनलमध्ये बघा.

कचरा दर वेळी अगदी तसाच असेल तर ती सेटिंगची चूक आहे. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) जुळत नसेल किंवा एका बाजूला ७ डेटा बिट व इव्हन पॅरिटी (चूक पकडायला जोडलेलं जादा बिट) आणि दुसऱ्या बाजूला ८ डेटा बिट व पॅरिटी नाही असं असेल, तर कचरासुद्धा शिस्तीत येतो. सेटिंग जुळवा, काम संपलं.

बहुतेक ओळी बरोबर आणि मधूनच एखादी बिघडलेली, तीही दर वेळी वेगळ्या जागी, तर मात्र नॉइजचा संशय खरा. पुढे वाचा.

तिसरा प्रकारही आहे: काहीच येत नाही. तो बहुधा तुटलेल्या तारेचा, उलट जोडलेल्या २-३ चा किंवा कॉम पोर्टचा नंबर बदलल्याचा असतो. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातला की विंडोज त्याला कधी कधी नवा कॉम नंबर देतं आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून नंबर बघा.

आणि चौथा, जो लोक नॉइज समजत नाहीत पण तो नॉइजच असतो: मोटर सुरू झाली की कॉम पोर्ट डिव्हाइस मॅनेजरमधून गायब होतो आणि प्लग काढून घातला की परत येतो. यात सीरियल केबलपेक्षा यूएसबीची बाजू गडबडते. उपाय मात्र खालचेच.

तपासणी: नॉइजमुळे दर वेळी कचराच दिसेल असं धरून चालू नका. शून्य आणि आठ या अंकांच्या कोडमध्ये फक्त एका बिटाचा फरक आहे. ते एक बिट उलटलं की १०४२० किलोचे १८४२० होतात आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं. पॅरिटी चालू असेल तर अशी एका बिटाची चूक पकडली जाते, बंद असेल तर जात नाही. काट्यावर पॅरिटी "नन" का ठेवलीय, हे एकदा इन्स्टॉल करणाऱ्याला विचाराच.

## पायरी २: रस्ता अर्धा करा

आता कचरा कुठून शिरतो ते शोधायचं. तीन चाचण्या, याच क्रमाने.

चाचणी अ. केबल कॉम्प्युटरपासून काढा. कॉम्प्युटरच्याच पोर्टवर २ आणि ३ क्लिपने जोडा. टर्मिनलमध्ये जे टाइप कराल ते परत दिसलं पाहिजे. हजारभर अक्षरांची फाइल पाठवा. इथेच चूक आली तर पोर्ट किंवा कन्व्हर्टर खराब आहे, तो बदला. ही चाचणी आजूबाजूची यंत्रं चालू असताना करा, रविवारी शांततेत नव्हे.

चाचणी ब. केबल कॉम्प्युटरला लावा, पण पलीकडचं टोक यंत्रापासून काढून तिथे २ आणि ३ जोडा. परत तीच फाइल. कचरा आला तर केबल वाटेत नॉइज उचलतेय, म्हणजे पायरी ४ आणि ५ तुमच्यासाठी.

चाचणी क. चाचणी ब स्वच्छ गेली, पण यंत्र जोडल्याबरोबर कचरा सुरू झाला, तर केबलला दोष देऊ नका. फरक एवढाच पडलाय की आता दोन्ही टोकांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं गेलंय. इथे लॅपटॉप वापरा. चार्जर काढून, फक्त बॅटरीवर चालवून तोच इंडिकेटर त्याच केबलने जोडा. कचरा थांबला? मग गडबड तुमच्या विजेच्या बोर्डात आणि अर्थिंगमध्ये आहे.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त प्रकरणं या तिसऱ्या चाचणीत सुटतात, आणि सर्वांत कमी लोक ती करतात.

## पायरी ३: अर्थिंग मोजा

इथे थोडं थांबून बोलतो, कारण नव्वद टक्के घोळ लोक इथेच घालतात.

आरएस-२३२ मध्ये सिग्नलचं व्होल्टेज ५ नंबर पिनच्या, म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत मोजलं जातं. पाठवणाऱ्याने किमान ५ व्होल्ट द्यायचे आणि घेणाऱ्याने ३ च्या वरचे ओळखायचे, धन असो वा ऋण. मधला पट्टा संदिग्ध. आता समजा कॉम्प्युटरचं ग्राउंड आणि यंत्राचं ग्राउंड यांत मीटर ३ व्होल्ट एसी दाखवतोय. मीटर आरएमएस दाखवतो, शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ४.२ व्होल्ट. पाच व्होल्टच्या सिग्नलमधून एवढं वजा झालं तर उरतं काय? केबल जोडल्यावर ५ नंबरच्या तारेमुळे हा फरक कमी होतो खरा, पण मग त्या तारेतून अर्थिंगचा प्रवाह वाहायला लागतो, आणि डेटाची बारीक तार अर्थिंगचं काम करायला लागली की कचरा ठरलेला.

आधी सॉकेट. मल्टिमीटर एसी ७५० किंवा त्याच्या जवळच्या रेंजवर. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये कमी किंवा नाचता आकडा दिसला तर त्या सॉकेटच्या अर्थ पिनला पुढे काही जोडलेलंच नाही.

उलटही बघा. मोठा लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी ठोक शून्य दाखवत असेल तर सॉकेटमागे कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेत का ते वायरमनकडून बघून घ्या.

इशारा: न्यूट्रलला अर्थ समजून सॉकेटमध्ये जोडणं हा उपाय नाही, तो जीवघेणा धोका आहे. न्यूट्रल वाटेत तुटला की कॉम्प्युटरची आणि यंत्राची पूर्ण बॉडी २३० व्होल्टवर येते. सॉकेट उघडायचं ते एमसीबी पाडून, परवानाधारक वायरमनकडूनच. मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं आपण बघायचं असतं, त्यासाठी वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, लाइनमनला फोन करून उपयोग नाही.

मग दोन बॉड्यांमधला फरक. सीरियल केबल काढलेली, दोन्ही बाजूंना वीज चालू. मीटरची एक पिन कॉम्प्युटरच्या डीबी-९ च्या धातूच्या कडेला, दुसरी यंत्राच्या डीबी-९ च्या कडेला. अंतर जास्त असेल तर मीटरची एक तार लांब वायरने वाढवा. मोजताना उघड्या धातूला बोट लागू देऊ नका.

एक व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे, पायरी ४ ला जा. एक ते पाच व्होल्ट म्हणजे दोन जागी दोन वेगळी अर्थिंग आहेत किंवा एकच अर्थ लांबून ओढलाय. आणि ८०, १००, ११० असं काही दिसलं तर घाबरू नका, पण केबलही लावू नका. दोघांपैकी एकाला अर्थिंग नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे फिल्टर कॅपॅसिटर असतात. अर्थ पिन तुटलेली असेल तर बॉडी २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगते. कॅबिनेटवरून उलटा हात फिरवला की मुंग्या येतात, त्या याच. अशा स्थितीत केबल लावली की तो गळतीचा प्रवाह सीरियलच्या ग्राउंडमधून वाट काढतो. कधी नुसता कचरा येतो, कधी पोर्टचा आयसीच जातो.

एका काट्यावर मी स्वतः दोन केबली बदलल्या, तिसरी घेऊन गेलो तेव्हा खोलीतल्या मामांना सहज विचारलं, "मामा, कॉम्प्युटर आधीपासून इथंच का?" म्हणाले, "नाही हो, उन्हाळ्यात पंख्याखाली घेतला की." भिंतीवरचं तीन पिनांचं सॉकेट लांब पडलं म्हणून दोन पिनांची एक्स्टेन्शन पट्टी जोडली होती, अर्थ पिन हवेत. दोन केबलींचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत.

आपल्या मातीचा एक मुद्दा. बिघाड कुठल्या ऋतूत वाढतो ते बघा. खानापूर बाजूला मुरूम आणि जांभा. त्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो. अथणी, सौंदत्तीकडची काळी माती ओली असताना चांगली साथ देते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळली की इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून उन्हाळ्यात वाढणारा आणि पावसात आपोआप बरा होणारा कचरा हा अर्थिंगचा समजा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून फरक पडतो का ते त्याच दिवशी बघता येतं. उलट, पाऊस लागला की सुरू होणारा कचरा हा जंक्शन बॉक्समधल्या पाण्याचा असतो. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि लोक दोन्हींना केबलच बदलतात.

करायचं काय: कॉम्प्युटर आणि यंत्र एकाच बोर्डवरून, एकाच अर्थवर घ्या. प्रत्येक प्लग तीन पिनांचा, पट्टी तीन पिनांची. नंतर वरचं दुसरं मोजमाप पुन्हा घ्या आणि आकडा वहीत लिहा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर तो चालू असतानाही हेच मोजा, कारण काही इन्व्हर्टरांच्या आउटपुट सॉकेटमध्ये अर्थ पुढे गेलेलाच नसतो. करंट गेला की कचरा येतो, आला की थांबतो, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथेच बघा.

## पायरी ४: केबल आणि कनेक्टर

अर्थिंग ठीक झाल्यावरच केबलला हात घाला.

५ नंबर पिन आधी. केबल दोन्हीकडून काढून ५ ते ५ रोध मोजा. पंधरा मीटरला दोन-तीन ओहमच्या आत यायला हवा. मोजताना कनेक्टरजवळ केबल हलवत राहा. ही तार तुटली तरी जोडणी बऱ्याचदा चालूच राहते, कारण दोन्ही यंत्रांची ग्राउंड विजेच्या अर्थिंगमधून कशीबशी भेटत असतात. म्हणून "चालतंय ना, मग तार ठीकच असेल" हे गृहीत धरणं चूक. ती अर्धवट चालते आणि मोटर सुरू झाली की बिघडते.

शील्ड, म्हणजे केबलच्या तारांभोवतीची धातूची जाळी, म्हणजे ५ नंबर नव्हे. शील्डच्या जाळीलाच ग्राउंडची तार म्हणून वापरलेल्या केबली मला दर हंगामात दिसतात. जाळीवर येणारा सगळा नॉइज मग थेट सिग्नलच्या संदर्भात मिसळतो. ५ नंबरला वेगळी तार द्या. जाळी फक्त एका टोकाला, शक्यतो कॉम्प्युटरच्या कनेक्टरच्या धातूच्या कवचाला जोडा, दुसऱ्या टोकाला कापून टेप लावा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वरच्या फ्रिक्वेन्सीच्या नॉइजला कधी कधी दोन्ही टोकं जोडलेली जास्त चालतात, पण ते पायरी ३ चे आकडे एक व्होल्टच्या आत आले असतील तरच करून बघा.

लॅनची केबल वापरताय? चालते, पण जोड्या बघून. पिळलेल्या एका जोडीत टीएक्स (पाठवणारी तार) आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीत आरएक्स (घेणारी तार) आणि ग्राउंड. टीएक्स आणि आरएक्स एकाच जोडीत घातले की एकाचा सिग्नल दुसऱ्यात ऐकू येतो. अंतर वाढेल तसा हा उपद्रव वाढतो. (आरएस-४८५ ला नेमकं उलट आहे, तिथे ए आणि बी या सिग्नलच्या दोन तारा एकाच जोडीत हव्यात. म्हणून सवयीने जोडू नका.)

लांबी. जुना ठोकताळा १५ मीटरचा. खरी मर्यादा केबलच्या कॅपॅसिटन्सची आहे, एकूण २५०० पिकोफॅरॅड. कमी कॅपॅसिटन्सची केबल आणि कमी बॉड रेट असेल तर जास्तही जाते. पण काट्यापासून ऑफिसपर्यंत साठ मीटर आरएस-२३२ ओढून वर तक्रार करायची, हे बरोबर नाही. तिथे सरळ पायरी ७.

व्होल्टेज. कॉम्प्युटरच्या टोकाला येणाऱ्या केबलीत २ आणि ५ मध्ये डीसी मोजा. यंत्र गप्प असताना उणे ५ ते उणे १२ दरम्यान काहीतरी स्थिर दिसायला हवं. उणे ३ च्या आसपास असेल तर पाठवणारा आयसी दमलाय किंवा केबलीत कुठेतरी शॉर्ट आहे. सतत वजन पाठवणाऱ्या इंडिकेटरवर आकडा नाचेल. मेनूतून तो फक्त मागितल्यावर पाठवणाऱ्या मोडमध्ये टाकून मोजा.

कनेक्टर उघडून डाग बघा. हिरवट पावडर दिसली तर ते तांब्यावरचं गंज आहे. पुसून परत लावू नका, अर्धा फूट केबल कापून नवा कनेक्टर बसवा, कारण ओल इन्सुलेशनच्या आत चढलेली असते. काट्याच्या खड्ड्याजवळचा जंक्शन बॉक्स खाली तोंड करून बसवा आणि केबल आत जाण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून खाली गळतं, बॉक्समध्ये शिरत नाही.

तपासणी: दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळलेत? उसाच्या ट्रॉल्या काट्यावर चढ-उतरताना खोली हादरते. न आवळलेला कनेक्टर महिन्याभरात सैल होतो.

## पायरी ५: गोंगाट करणारा शोधा

एक माणूस टर्मिनलसमोर, दुसरा बोर्डजवळ. एकेक यंत्र बंद-चालू करा आणि वहीत वेळ लिहा. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस, शॉपमध्ये व्हीएफडी आणि वेल्डिंग सेट, दूध केंद्रात चिलरचा कॉम्प्रेसर, शेताजवळच्या काट्यावर सबमर्सिबलचा स्टार्टर, हे नेहमीचे संशयित.

कचरा यंत्र सुरू होताना आणि बंद होताना क्षणभर येत असेल तर तो कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) स्पार्कचा. यंत्र चालू असेपर्यंत सतत येत असेल तर व्हीएफडी किंवा वेल्डिंगचा. कशाशीच संबंध लागत नसेल तर पायरी ३ ला परत जा. नक्की काहीतरी सुटलंय.

## पायरी ६: उपाय, स्वस्तापासून

अंतर. सीरियल केबल पॉवर केबलपासून फूटभर तरी लांब न्या. एकाच पाइपातून, एकाच ट्रेमधून कधीही नाही. ओलांडावीच लागली तर काटकोनात. व्हीएफडी ते मोटर या केबलपासून फूटभर पुरत नाही, जमेल तेवढं लांब राहा. उद्यमबागेतल्या शेडांत सीरियल केबल सोयीसाठी छताच्या कैचीवरून पॉवरच्या गठ्ठ्याला टाय बांधून नेलेली असते. तो टाय तोडणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

स्पार्क मुळाशी मारा. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर स्नबर (स्पार्क शोषणारा रेझिस्टर आणि कॅपॅसिटर) लावा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड ही नेहमीची जोडी. कॅपॅसिटर एक्स-२ (थेट मेन्सवर लावायच्या) प्रकारचाच हवा, साधा लावला तर एक दिवस फुटेल. डीसी कॉइलला उलट दिशेने एक डायोड पुरतो. कॉन्टॅक्टर कंपन्या तयार स्नबरही देतात, पॅनेलमध्ये ते जास्त नीट बसतात.

फेराइट. केबलच्या दोन्ही टोकांना काळा फेराइट (तारेभोवती बसणारी चुंबकीय कडी), शक्य असेल तर केबलचे दोन-तीन वेढे त्यातून. व्हीएफडीच्या नॉइजला उपयोगी, अर्थिंगच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीला अजिबात नाही. यूएसबी कन्व्हर्टर गायब होण्याच्या तक्रारीत यूएसबीच्या तारेलाही लावा आणि ती तार आखूड ठेवा.

बॉड रेट. ९६०० ला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचं, २४०० ला ४१७ चं. बिट लांब असलं की छोटा स्पार्क नेमका वाचण्याच्या क्षणी येण्याची शक्यता कमी होते. वजनाला २४०० भरपूर आहे. पण अर्थिंगमधल्या फरकावर याचा काही परिणाम नाही, तो फरक एका बिटापेक्षा कितीतरी हळू बदलतो. "बॉड रेट कमी केला तरी फरक नाही" असं झालं तर ते उत्तरच आहे: पायरी ३.

## पायरी ७: आयसोलेटर किंवा आरएस-४८५

दोन इमारतींची अर्थिंग एक करणं शक्य नसेल तर मध्ये आयसोलेटर घाला. तो डेटा प्रकाशातून किंवा तशाच मार्गाने पलीकडे नेतो, दोन्ही ग्राउंड कधी भेटतच नाहीत. एकच चूक टाळा: आयसोलेटरच्या दोन्ही बाजूंना एकाच अडॅप्टरने वीज दिली तर ग्राउंड तिथेच जोडले जातात आणि आयसोलेटर नुसता पेटी म्हणून उरतो. पोर्टच्याच पिनांमधून वीज घेणारे कन्व्हर्टर यूएसबीवाल्या पोर्टवर अनेकदा अर्धपोटी चालतात, तेही नको.

अंतर जास्त असेल तर आरएस-४८५. कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं, कारण तिथे ग्राउंडशी नव्हे, दोन तारांमधल्या फरकाशी मतलब असतो. पण "४८५ ला ग्राउंड लागत नाही" हे खोटं. घेणाऱ्याच्या ग्राउंडच्या तुलनेत दोन्ही तारांवरचं व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ च्या आत राहायला हवं, म्हणून तिसरी तार ओढाच.

तारा एकापुढे एक अशा न्या, चांदणीसारख्या फाट्या काढू नका. फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. वीज बंद करून ए-बी मध्ये मोजा: सुमारे ६० ओहम आले तर दोन आहेत, १२० आले तर एक कमी, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. कुणीच बोलत नसताना ए-बी मध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त हवे. ५ व्होल्टवर ६८० ओहमचे दोन बायस रेझिस्टर (गप्प असताना तारांतला फरक धरून ठेवणारे) लावले तर ०.२१ येतात, म्हणजे जेमतेम. ५६० चे लावले तर थोडी मोकळीक मिळते. ए आणि बी ची नावं कंपन्या उलटसुलट लिहितात. काहीच येत नसेल तर अदलाबदल करून बघा, काही जळत नाही.

इशारा: वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की दोन इमारतींमधली सीरियल केबल ओढून काढायला धावू नका, तेव्हा तिला हातच लावू नका. संध्याकाळी काम संपल्यावर काढायची सवय लावा. उघड्यावरून जाणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवाच, आणि त्याची अर्थ तार आखूड. अर्थिंग नसलेला सर्ज प्रोटेक्टर म्हणजे शोभेची वस्तू.

## पायरी ८: सॉफ्टवेअरने झाकू नका, पण पहारा ठेवा

सॉफ्टवेअरवाल्याला तीन गोष्टी सांगा. पॅरिटी चालू करा. लागोपाठ तीन वेळा तेच वजन आल्याशिवाय पावती छापू नका. चुकीच्या लांबीची ओळ आली तर ती टाकून द्या आणि मोजत राहा, म्हणजे नॉइज वाढतोय का ते कळेल.

सीएनसीवाल्यांनी एक्सऑन-एक्सऑफ बद्दल सावध राहावं. थांबण्याचा इशारा म्हणजे एकच बाइट, हेक्समध्ये १३. नॉइजमधून तो चुकून तयार झाला की पाठवणं मधेच थांबतं आणि सगळे म्हणतात मशीन हँग झालं. आणि प्रोग्रॅम लोड झाल्यावर तो मशीनमधून परत मागवून मूळ फाइलशी तुलना करा. काही कंट्रोलवर एक दशांश चिन्ह हरवलं की १० मिलिमीटरचे १० मायक्रॉन होतात. टूल मोडण्याआधी हे कळलेलं बरं.

## पायरी ९: खात्री

एकदा कचरा थांबला म्हणून सामान आवरू नका. पायरी ५ मधलं सर्वांत वाईट यंत्र वीस वेळा चालू-बंद करा आणि त्याच वेळी पायरी २ मधली फाइल सतत पाठवत राहा. एकही चूक नको. जमलं तर करंट गेल्यावर, म्हणजे इन्व्हर्टरवर, हीच चाचणी परत करा.

मग पॅनेलच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवा. त्यावर बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना कशा जोडल्यात, शील्ड कुठल्या टोकाला जोडलीय, दोन बॉड्यांमधला मोजलेला व्होल्टेज आणि तारीख. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.